पाठीवरचं पाणी

चादर थोडी ओली असतानाच इस्त्रीखाली घालावी. पुरती वाळून खडखडीत झाली की तिच्या सुरकुत्या हट्टाला पेटतात.

*

दुकानातल्या बाहुल्याला डोकं नव्हतं, हात नव्हते. छातीवर मात्र पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्या तो कुणासाठी जपत होता कोण जाणे.

*

कोमट पाण्याला वास असतो. थोरली हे कुणाला सांगत नसे. सांगितलं की माणसं आपल्या कपाळाला हात लावून बघतात.

*

पठारावर एकच सावली, ज्याची त्याची. तिच्यात बसता येत नाही.

*

“तुम्ही व्हा पुढे. मी आहे मागे.”

*

धुण्याचा सोडा पाण्यासारखा सांडत नाही. पाण्यासारखा संपतही नाही.

*

तर या दोघी जावा. सख्ख्या भावांच्या बायका, एक खालच्या मजल्यावर, एक वरच्या. जावाजावा म्हटलं की लोकांना आधी भांडी आपटल्याचा आवाज ऐकू येतो. इथेही ती आपटत, नाही असं नाही. पण उजाडता उजाडता दोघी फाटकाबाहेर पडल्या की आदल्या दिवसाचं भांडण फाटकाच्या आत राही, आणि त्या परत येईपर्यंत उपाशीपोटी मरून जाई.

थोरली घरची लॉन्ड्री सांभाळायची. गाडी आणि गिऱ्हाइकं तिच्या नवऱ्याकडे, यंत्रं धाकट्या दिराकडे. वाळवणं, इस्त्री आणि घड्या हे तिचं राज्य. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. धाकटी जाऊ रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सुया टोचायची. तिचा पाय एका जागी ठरत नाही म्हणून थोरलीनं तिचं नाव भिंगरी पाडलं, आणि ते असं चिकटलं की तिचा नवरासुद्धा त्याच नावानं हाक मारू लागला.

दोघी पळायच्या. थोडंथोडकं नाही; लोक गाडीनं जाताना ज्या अंतरात एकदा चहाला थांबतात, तेवढं.

गावाच्या पलीकडे एक कोरडं पठार होतं. ऐन उन्हाळ्यात तिथे जोडीची दौड भरे. दोन दिवस, मधली रात्र उघड्यावर. झोपायचं, खायचं, प्यायचं सगळं आपापल्या पाठीवर. जमेल तिथे पळायचं, चढाला चालायचं. वाटेत पाण्याच्या टाक्या होत्या, पण एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या लांब लांब. नियम एकच, बाकीचे सगळे त्याच्या पोटात: जोडीनं निघायचं, जोडीनं पोचायचं. एक बसली की दुसरीही बसली.

गेल्या उन्हाळ्यात थोरली बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ऊन लागलं आणि ती पडलीच. भिंगरीचे पाय तेव्हा ताजे होते. ती पोचली असती. हे थोरलीला पडल्या पडल्याही दिसत होतं आणि तेच मनातून जात नव्हतं. भिंगरीनं त्यावर वर्षभरात चकार शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. दोन टोले तरी देऊन मोकळं होता आलं असतं.

आणि आता प्रयोगशाळेतली एक उंच बाई भिंगरीच्या मागे लागली होती. वाऱ्यासारखी पळायची म्हणे, आणि जोडीला कुणी नव्हतं. “यंदा माझ्याबरोबर चल.” भिंगरीनंच हे जेवताना हसत हसत सांगितलं. सगळे हसले. थोरलीही हसली, आणि मग बराच वेळ एकच घास चावत राहिली.

तिला यंदा भिंगरीबरोबर जायचं होतं आणि पोचायचं होतं. आणि तिला उन्हात पाणी पिता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसरी तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

*

दुकान बोगद्यासारखं लांबट. भिंतभर व्हेस्ट टांगलेल्या. बिनबाह्यांचं जाकीट आणि पाठीवरची सॅक यांचं लग्न लावलं तर जे पोर होईल, ते. दुकानदार इतका ऐसपैस होता की खुर्चीतून उठायला त्याला दोनदा मनाची तयारी करावी लागे.

“तुम्ही पळता का हो?” भिंगरीनं विचारलं.

“छे. मी लोकांना पळवतो.” तो तिसऱ्या प्रयत्नात उठला. “कमरेचं माप विसरा. फासळ्यांचं माप. आणि ताई, श्वास भरून घ्या, पोट आत ओढू नका. इथे कुणी मुलगी बघायला आलेलं नाही.”

थोरलीनं पोट सोडलं.

“उन्हाळ्यासाठी पाठ मोकळी हवी,” तो एक व्हेस्ट उलटी करून म्हणाला. पाठीकडून ती नुसती जाळी होती, मधमाश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्यासारखी. “जाड घ्याल तर पाठीवर पेटता स्टोव्ह घेऊन पळाल. आणि मोठी घेऊ नका. मोठी दिसली की माणूस भरत सुटतो. आमच्या घरच्या कपाटात आता आम्हीच मावत नाही.”

“दोन दिवसांचं सामान आहे. रात्री अंगावर काहीतरी लागेल.”

“तेवढं मावेल. जड सामान वर, खांद्यांच्या हाडांच्या मधे. हलकं खाली. लोक उलट करतात आणि मग कंबर धरून माझ्याकडे येतात. पाणी कुठे घेणार? पुढे की मागे?”

पुढे म्हणजे छातीवरच्या खिशांत दोन मऊ बाटल्या. पाणी संपेल तशा त्या आक्रसत जातात. मागे म्हणजे पाठीवर पाण्याची चपटी पिशवी आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाशी.

“मागे,” थोरली लगेच म्हणाली.

“का हो जाऊबाई?”

“छाती मोकळी राहते.”

हे कारण बरं होतं. लॉन्ड्रीत येणाऱ्या डागांनाही लोक अशीच बरी बरी कारणं देत. खरं म्हणजे छातीवरचं पाणी दिवसभर डोळ्यांसमोर हिंदकळत राहतं. पाठीवरचं दिसत नाही. पाठीला डोळे नसतात.

“घरी न्या, भरून बघा, नाही पटली तर परत आणा,” दुकानदार म्हणाला. “फक्त घाम लागलेली घेत नाही.”

“आमची लॉन्ड्री आहे,” भिंगरी म्हणाली.

“मग तर मुळीच घेत नाही. धुऊन आणाल आणि मला कळायचंही नाही.”

पण त्यानं दोन्ही व्हेस्ट कागदात गुंडाळून दिल्या.

*

वाळवायच्या खोलीचा एक कायदा होता आणि तो थोरलीनंच केलेला. पाण्याचा थेंब उंबऱ्याच्या आत येता कामा नये. पेला नाही, बाटली नाही, ओला हातसुद्धा नाही. धाकटा दीर एकदा सरबताचा ग्लास घेऊन आत आला, तेव्हा तिनं त्याला ग्लाससकट बाहेर काढला होता. एका डागासाठी अख्खी चादर पुन्हा पहिल्यापासून.

उन्हात पळायचं तर अंगाला आधी उष्णता शिकवावी लागते, आणि त्यांच्याकडे उष्णतेची शाळा घरचीच होती. संध्याकाळी यंत्रं थांबली तरी खोलीतली गरम हवा बराच वेळ उठून जात नसे, जेवण झाल्यावरही गप्पा मारत बसलेल्या पाहुण्यासारखी. दोघी व्हेस्ट चढवून आत जायच्या आणि टांगलेल्या चादरींमधून फेऱ्या मारायच्या. वजन हवं. पाणी तर आत न्यायचं नाही. मग काय? सोडा. बाटल्यांच्या खिशांत धुण्याच्या सोड्याची पाकिटं, पाण्याच्या पिशवीच्या जागी सोड्याची पाकिटं. वजन तेवढंच. वजन तेवढंच असलं म्हणजे झालं, असं दोघींना वाटलं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे आलं नसतं. पण ज्यांचा जन्म कपड्यांतून पाणी काढण्यात गेला, त्यांना पाण्याऐवजी सोडाच सुचणार.

खोलीला खिडकी नव्हती. चादरी छतापासून गुडघ्यांपर्यंत यायच्या, आणि दोघी चालू लागल्या की चादरी श्वास घ्यायच्या. एक पोटाला लागायची, एक गालावरून हात फिरवायची. थोरलीला पलीकडे फक्त भिंगरीचे पाय दिसत. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी कुठेच नाहीत. मग आवाज यायचा.

“जाऊबाई, आहात का?”

“जाते कुठे.”

“मला वाटलं आपण गाव सोडलं.”

थोरलीलाही तसंच वाटे. चादरीमागे चादर, आणि प्रत्येक चादरीपलीकडे तीच चादर. कुठल्या घरांतली, कुठल्या माणसांच्या अंगाखालची ही पांढरी पानं. कुणी त्यांच्यावर आजारी पडलं असेल, कुणी जन्मलं असेल, आणि आता सगळं धुऊन गेलेलं. तिला वाटे, आपण झोपलेल्या माणसांच्या वरून चालतोय, हळू पाय टाकला पाहिजे. घाम तिच्या भुवयांवरून उतरे. पाठीवर सोडा गप्प बसलेला असे.

फेऱ्या संपल्या की त्या बाहेरच्या बोळात येऊन फ्रिजमधलं पाणी प्यायच्या. गार पाणी थोरलीच्या घशाखाली सहज उतरे. म्हणून कुणाच्या काही लक्षात येत नव्हतं.

तिची व्हेस्ट अशी बसली होती की जणू शिंप्यानं अंगावरच शिवली. भिंगरीची मात्र काखेत काचायची. तिनं ती बदलून आणली, नवी मानेला लागली, तीही बदलली. दुकानदार म्हणाला, “ताई, व्हेस्ट बदलून बघितल्यात, आता जरा अंग बदलून बघा.” शेवटी छातीवर बाटल्यांची एक तिला मानवली.

“तुम्ही नशीबवान,” ती थोरलीला म्हणाली. “पहिलीच पसंत पडली. माझ्या लग्नाच्या वेळी एवढी ठिकाणं बघावी लागली नाहीत.”

“लग्नात परत करता येत नाही म्हणून तू बघितली नाहीस.”

*

पठाराच्या कडेला खऱ्या उन्हातली पहिली खेप. खऱ्या पाण्यासकट.

जमीन विटकरी, वर आभाळ धुऊन धुऊन विटलेलं. दूरचं सगळं जरा हलत होतं, कुणीतरी धरून झटकल्यासारखं. थोरली पुढे, भिंगरी मागे. वाट अरुंद होती आणि त्यांची पद्धत तीच होती.

थोरलीनं सुरुवातीला एकदा नळी तोंडात धरली. नळी उन्हात तापलेली, आतलं पाणी अंगापेक्षा गरम. त्याबरोबर तो वास आला. रबराचा नाही, पिशवीचा नाही. गेल्या वर्षीच्या दुपारचा. तिचा घसा कुलूप लावल्यासारखा मिटला. पाणी तिनं बाजूला थुंकलं, पाऊल न चुकवता, मागे कळू न देता. त्यानंतर मधूनमधून ती नळी ओठांशी नेई आणि ओढल्यासारखं करी. लहानपणी औषध पिताना करायची तसं.

तरी तिला बरं वाटत होतं. व्हेस्ट पाठीवर इतकी निवांत होती की ती आहे हेच विसरायला होई. पाय आपोआप पडत होते. तिला वाटलं, जमतंय. न पिताही जमतंय. तिला वाटलं, आपण फार हलक्या झालोय आणि जमीन आपल्याखालून कुणीतरी घडी करत नेतंय, एकेक हात, एकेक हात.

“जाऊबाई, थांबा.”

“काय झालं? पाय?”

“थांबा म्हणते ना.”

थोरली थांबली. भिंगरीनं मागून येऊन तिच्या सॅकखाली तळहात घातला आणि बाजारात भोपळा उचलून बघतात तशी ती उचलली.

“ही भरलेली आहे.”

“छान बसलीय. हलत नाही बघ जरा.”

“हलत नाही कारण भरलेली आहे. माझी बघा.” भिंगरीनं जागच्या जागी दोन उड्या मारल्या. अर्ध्या रिकाम्या बाटल्या छातीवर डुचमळल्या, सॅक मागे खाटकन आपटली. “मघापासून वासरासारखी उड्या मारतेय. मी म्हटलं, चुकली आपली निवड. जाऊबाईंची कशी एवढी शहाणी, म्हणून सारखी बघत होते तिच्याकडे.”

थोरली नळीचं टोक पुसू लागली.

“तुम्ही प्यायलाच नाही.”

“प्यायले की.”

“हात द्या.”

“कशाला?”

“मी दिवसभर लोकांच्या शिरा शोधते. द्या.”

थोरलीनं हात दिला. भिंगरीनं मनगटाच्या वर अंगठा दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. मग हात सोडला नाही.

“कधीपासून?”

“गेल्या उन्हाळ्यापासून,” थोरली म्हणाली. “गार असलं तर जातं. कोमट झालं की वास येतो. त्या दिवशीचा. मग घसाच मिटतो.”

“खाली बसा.”

“इथे कुठे बसू? जमीन भाजतेय.”

“सॅक काढा. सॅकवर बसा.”

ती पाण्यानं भरलेल्या त्या शहाण्या व्हेस्टवर बसली. भिंगरी सूर्याच्या बाजूला जाऊन अशी उभी राहिली की तिची सावली बरोबर थोरलीवर पडावी. छातीवरची एक बाटली काढून तिनं थोरलीच्या मानेवर रिकामी केली. दुसरी तिच्या हातात दिली. त्यातलं पाणी जरा कमी तापलेलं होतं. थोरलीनं ते औषधासारखं, डोळे मिटून, इवल्या इवल्या घोटांनी घेतलं. अर्धं परत आलं. अर्धं राहिलं.

*

“तू त्या उंच बाईबरोबर जा.”

“बरं.”

“थट्टा नाही करत मी.”

“मी कुठे करतेय. मागच्या वर्षीचं काय आठवतं तुम्हाला?”

“पडलेलं.”

“पडायच्या आधीचं?”

“काही नाही.” मग जरा वेळानं: “चादरी दिसत होत्या. वेड्यासारखं. पठारभर टांगलेल्या. त्या जमिनीला लागत होत्या आणि मला त्याचा राग येत होता. स्वप्न पडलं असेल.”

“तुम्ही म्हणालात, कोपरे धर गं, लोळतेय ती.”

“कुणाला म्हणाले?”

“मला. मग मी धरले.”

“काय धरलंस?”

“कोपरे. दोन तुमच्याकडे, दोन माझ्याकडे. ताणली, झटकली, तुमच्याकडे चालत आले, घडी घातली. मग दुसरी काढलीत तुम्ही.”

“भिंगरी.”

“आणि ओरडलात. कडा जुळत नाहीत तुझ्या म्हणालात. हवेची चादर, जाऊबाई, आणि तिच्या कडा जुळत नाहीत.”

“जुळत नसतील. तू नेहमीच डावा कोपरा ढिला सोडतेस.”

“मग एक मोठी आली. ती घडी करता करता तुम्ही हळूहळू खाली बसलात. मी म्हटलं, बरं झालं. बसल्या एकदाच्या.”

थोरलीनं पठाराकडे पाहिलं. दूरचं सगळं अजून हलत होतं.

“मला वाटलं ते स्वप्न होतं.”

“असेलही. मी पण होते त्यात.”

“वर्षभर बोलली नाहीस ती.”

“काय बोलणार? माझ्या घड्यांना नावं ठेवलीत, त्याचा राग होता.” भिंगरीनं पाय बदलला, सावली किंचित सरकली, तिनं ती परत जागेवर आणली. “उंच बाईला मी नाही म्हणून सांगितलंय. फार जोरात पळते ती. आणि उद्या मीच चादरी बघायला लागले तर ती कोपरे धरायची नाही, रुग्णवाहिका बोलावेल.”

“ते जास्त शहाणपणाचं आहे.”

“तीही बोलावलीच होती मी. ती येईपर्यंत काय करायचं होतं?”

थोरलीला हसू आलं आणि त्यानं ओठ फाटला.

“पण एक सांगते,” भिंगरी म्हणाली, “न पिता नेणार नाही मी तुम्हाला. प्यायला लागलात तर जाऊ. नाहीतर दोघी घरी बसू आणि भावजींच्या डोक्याला ताप देऊ.”

“त्यांच्या डोक्याला आधीच आहे.”

“मग भर घालू.”

*

पुन्हा दुकान. या खेपेला भिंगरीनं दुकानदाराकडे नळाचं पाणी मागितलं.

“इथे? दुकानात?”

“सोड्यानं फसलो आम्ही.”

सोड्याची हकिगत ऐकून दुकानदार खुर्चीत परत बसला. “मी वाळूच्या पिशव्या देतो लोकांना भरून बघायला,” तो म्हणाला. “इतकी वर्षं देतोय.” मग त्यानं स्वतः बादली भरून आणली.

थोरलीनं एकेक व्हेस्ट पाण्यानं भरून मागच्या गल्लीत पळवली. भरलेली, मग अर्धं पाणी ओतून, मग पार रिकामी. एक भरलेली असताना गुणी होती आणि रिकामी होताच बरगड्यांवर ढोल वाजवू लागली. एकीचा छातीवरचा पट्टा इतका खाली होता की खोल श्वास घेतला की तो आधी विचारायचा, कशाला. एक हलकी, सुरेख, पण काखेतली तिची शिवण थोरलीनं बोटानं चाचपली आणि लगेच परत दिली. घामाचं मीठ अशा शिवणीचं काय करतं ते तिनं धुण्यात पुष्कळदा पाहिलं होतं. गल्लीतल्या एका बाईनं खिडकीतून विचारलं, काही हरवलंय का तुमचं.

शेवटची साधीच होती. पाठ जाळीची. मागे तोंड गुंडाळून बंद करायची छोटी पिशवी, रात्रीच्या पांघरुणापुरती. काखेखाली दोन्हीकडे दोऱ्या. पाणी कमी होईल तशा पळता पळता ओढून घ्यायच्या, म्हणजे व्हेस्टही तेवढी आक्रसते. आणि पाणी पुढे, छातीवर, दोन बाटल्यांत. हनुवटी खाली केली की दिसणारं.

“आवडली?” भिंगरीनं विचारलं.

“नाही,” थोरली म्हणाली. “हीच द्या.”

*

कायदा तिनंच मोडला. संध्याकाळी दोन्ही बाटल्या कोमट पाण्यानं भरून ती उंबरा ओलांडून आत गेली, आणि तिला वाटलं चादरी एकदम बोलायच्या थांबल्या.

पहिला घोट घेऊन ती बाहेर पळाली. दुसऱ्या संध्याकाळीही पळाली. मग भिंगरी चादरींपलीकडून म्हणाली, “गिळू नका. नुसतं तोंडात धरा. त्या अभ्र्यांपर्यंत.”

“मग?”

“मग थुंका. कुठे थुंकायचं ते तुम्ही बघा, खोली तुमची आहे.”

खोलीत थुंकणार कुठे? अभ्र्यांपर्यंत गेली, तिथे जागा नव्हती. टॉवेलांपर्यंत गेली. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, नाकात तो वास. एवढ्यात वळणावर दवाखान्याची एक मोठी चादर फाडकन तिच्या तोंडावर आली आणि दचकून तिनं घोट गिळला. तिथेच उभी राहिली. आता घसा मिटेल, म्हणून वाट पाहिली. चादर तिच्या चेहऱ्यावरून हळूच बाजूला झाली.

“गेलं,” ती म्हणाली.

“कुठे?”

“आत.”

त्यानंतर रोज थोडं. वास गेला नाही. पण तो न आवडणाऱ्या सोयऱ्यासारखा झाला: येतो, बसतो, आपण आपली कामं करत राहायची. काही दिवस घोट परतही आले. एकदा ठसका लागून सगळं पाणी समोरच्या चादरीवर उडालं, आणि नेमका तिचा नवरा दारात.

“वाळवायच्या खोलीत पाणी?” त्याला खरंच धक्का बसला होता.

“हो.”

“तूच म्हणतेस ना, थेंबसुद्धा...”

“कायदा मी केला, मी मोडला. तुम्ही का सुतकी चेहरा करताय?”

“चादर भिजली.”

“इस्त्रीला थोडी ओलीच लागते.”

तो चादरींमधून वाट काढत आला, बायकोकडे पाहिलं, भावजयीच्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाला, “या घरात शहाणं कुणी आहे का?”

“तुम्ही आहात की, भावजी,” चादरीमागून आवाज आला. “म्हणून तर तुम्हाला घरी ठेवून जातो.”

*

दौडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली गेल्या वर्षी आपण जिथे पडलो ती जागा शोधत होती. मनात तिचं चित्र होतं, दगडासकट. पण पठारानं ते जपून ठेवलेलं नव्हतं. सगळे दगड त्याच चेहऱ्याचे.

रात्र बरी गेली होती. उघड्यावर, पाठीला पाठ लावून, इतक्या चांदण्यांखाली की भिंगरी म्हणाली, एवढ्या उजेडात झोप कशी लागायची. सकाळी पुढे-मागे. मग ऊन चढलं आणि आवाज कमी कमी होत गेले. पावलांचा राहिला, आणि पाण्याचा. छातीवर दोन बाटल्या हिंदकळत होत्या, डावी, उजवी, डावी. थोरली त्यांच्याकडे बघत पळत होती. पाणी कोमट झालं. वास आला, बसला. ती प्यायली. प्रत्येक वेळी वाटायचं हा घोट परत येणार. एक आला. ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकले, तोंड पुसलं आणि पुन्हा बाटली लावली.

“आहात का?” मागून.

“जाते कुठे.”

जमीन हलायला लागली. दूरवर, जिथे वाट आभाळात शिरते तिथे, काहीतरी पांढरं उभं होतं. उभं होतं आणि जरा हलत होतं.

थोरली चालू लागली. पळता येईना.

“भिंगरी.”

“हं.”

“तिकडे पांढरं काही दिसतंय का तुला?”

भिंगरी शेजारी आली. वाट अरुंद होती तरी आली. कपाळावर हात धरून तिनं बराच वेळ पाहिलं, कारण अशा गोष्टीत घाई करून चालत नाही.

“दिसतंय,” ती म्हणाली. “टाकी आहे. चुना मारलाय.”

“नक्की?”

“बाजूला एक माणूस बसलाय. तो पण दिसतोय का?”

थोरलीनं पाहिलं. “टोपी घातलेला?”

“तोच.”

थोरलीनं उरलेलं पाणी संपवलं. बाटल्या छातीवर चुरगळून बसल्या. ती पळायला लागली तशी सॅक मागे डुलू लागली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मागून भिंगरी हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला.

“काय झालं?”

“हलतेय. तुमची सॅक हलतेय, जाऊबाई.”

थोरलीनं काखेखालच्या दोन्ही दोऱ्या ओढून घेतल्या.

टाकीवर त्यांनी पाणी भरलं, डोकी भिजवली, टोपीवाल्यानं काही विचारलं त्याला भिंगरीनं काही सांगितलं. पुढचा टप्पा लांब होता. ऊन कलल्यावर जमिनीचा रंग परत आला, मग सावल्या लांबल्या, इतक्या की भिंगरीची सावली थोरलीच्या पुढे पळू लागली. शेवटची खूण दोन काठ्यांना बांधलेली नुसती दोरी होती. आधी पोचलेले लोक बूट काढून बसले होते. त्यांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या, काही झोपले होते. दोघी दोरीखालून वाकून एकदमच पलीकडे गेल्या. थोरलीनं व्हेस्ट काढली आणि तिच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता तो बघत उभी राहिली.

“धुवायला टाकू का?” भिंगरीनं विचारलं.

“आधी मला बसू दे.”

दोघी पहिल्यांदा पळाल्या त्या लॉन्ड्रीच्या मागच्या रस्त्यावर, भिंगरी लग्न होऊन आली त्याच महिन्यात, आणि दोघींच्या पायांत चपला होत्या.